आईच्या नावाची लाल चौकट

मंगळवारी सकाळी प्रेसमध्ये येऊन मी कॉम्प्युटर सुरू केला, पत्रिकांचं सॉफ्टवेअर उघडलं आणि सवयीने दोन अक्षरं दाबली. एरवी ती दाबली की 'श्री अंबाबाई प्रसन्न' ही अख्खी ओळ माथ्यावर, मधोमध, मला हव्या त्या आकारात यायची. त्या दिवशी नुसती दोन अक्षरं आली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. दुसरी जोडी दाबून पाहिली, तिसरी पाहिली, एकही चालेना. पडद्याच्या कोपऱ्यात एक निळी पट्टी होती: 'आपले सॉफ्टवेअर अद्ययावत झाले आहे. धन्यवाद.' ते धन्यवाद वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

टायपिंगच्या परीक्षा देऊन मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या त्या प्रेसमध्ये लागले, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि तिथे अजून हाताने अक्षरांचे खिळे जुळवायचं काम चालायचं. वर्षभरात कॉम्प्युटर आला. मालक त्याला इतके बिचकायचे की वरचं प्लास्टिकचं कव्हर काढायलासुद्धा मला हाक मारायचे. छपाईचं यंत्र मागच्या खोलीत आणि ते चालवणारा माणूसही तिथेच. पुढच्या खोलीत मालक, मी आणि कॉम्प्युटर. पुढे मालकांची भीड चेपली आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते त्याच्यावर पत्त्यांचा डाव मांडू लागले. पण कामाला हात लावणारी मी एकटीच.

सॉफ्टवेअर पुण्याच्या एका कंपनीने खास लग्नपत्रिकांसाठी केलेलं. पडद्यावर चौकटी असायच्या: वर, वराचे वडील, आई, मामा, निमंत्रक. एकेक भरत गेलं की खाली पत्रिका आपोआप जुळत जायची. जशी कंपनीकडून आली तशी मात्र ती आमच्याकडे एका घरालाही चालली नसती. तिथे दहा नावांची सोय, आणि आमच्याकडे एका पत्रिकेवर चाळीस नावं आणि चाळीस जणांचा मान. शिरोळकडची घरं मामाला वर घ्यायची, कागलकडे आधी भावकी. सीमेकडच्या लिंगायत घरांची माथ्यावरची ओळच वेगळी आणि खाली थोडा कानडी मजकूरही हवा असायचा. मी एकेक घर बघत, एकेक भांडण ऐकत, सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शिरून ते सगळं बसवत गेले. अकरा वर्षं. दोन अक्षरांच्या जोड्याच दीडेकशे झाल्या असतील. मालक त्याला 'बाईंचा संसार' म्हणायचे. पूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की पुण्याहून एक गृहस्थ फ्लॉप्या घेऊन यायचे, आणि तेसुद्धा आधी विचारायचे, 'तुमचा संसार कुठे ठेवलाय? तो आधी बाजूला काढतो.' मग ब्रॉडबँड आलं, गृहस्थ यायचे बंद झाले आणि नवी आवृत्ती तारेतून आपोआप येऊ लागली.

त्यातलं बाकी सगळं गेलं असतं तरी मी दोन दिवस चिडचिड करून पुन्हा बसवलं असतं. एका सेटिंगसाठी मात्र माझा जीव खालीवर झाला.

आमच्याकडे वडील गेलेल्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न असलं की निमंत्रक म्हणून काका-काकूंची नावं येतात. 'श्री. व सौ.' असं जोडीनं. आई त्या यादीतून कुठे जाते हे कुणी विचारत नाही. त्यात कुणाचा दुष्टपणा असतो असं नाही. 'शुभकार्य आहे' एवढं म्हणतात आणि विषय संपतो. माझे वडील मी नऊ वर्षांची असताना गेले. आईने शिवणकाम करून मला शिकवलं, लग्न ठरवलं, आणि माझ्या पत्रिकेवर तिचं नाव कुठेही नव्हतं. पत्रिका घरी आली तेव्हा तिने ती दोन्ही बाजूंनी नीट वाचली. मागे कार्यालयाकडे जायचा नकाशा होता. तो बघून ती म्हणाली, 'छान छापलंय.' मी तेव्हा काही बोलले नाही, याचा राग मला अजून येतो.

तर त्या सॉफ्टवेअरमध्ये कुठलीही चौकट सक्तीची करता यायची. रिकामी ठेवली तर ती लाल व्हायची आणि पुढे सरकू द्यायची नाही. कंपनीने ही सोय तारीख आणि कार्यालयाचा पत्ता राहू नये म्हणून केली असणार. मी ती आईसाठी वापरली. वडिलांच्या नावाआधी 'कै.' लागलं की आईची चौकट सक्तीची. आणि तिचं नाव 'श्रीमती' लावून निमंत्रकांत पहिलं, काका-काकू त्याखाली. हे मी कुणाला विचारून केलं नाही. मालकांनाही नाही.

गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसलेलं असायचं. काका निमंत्रकांची नावं सांगायला लागले की मी नुसती पडद्याकडे बोट करायची. चौकट लाल. 'आईचं नाव सांगा, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही.' माझ्याशी या लोकांनी तासभर वाद घातला असता. कॉम्प्युटरशी वाद घालायला कुणी धजत नसे. तो पुण्याहून आलेला, इंग्रजी कळणारा, त्याचा काहीतरी नियम असणार, असं त्यांना वाटायचं. थोडं कुरकुरायचे, एकमेकांकडे बघायचे आणि नाव सांगायचे. मी अगदी साळसूद चेहऱ्याने ते टाइप करायची. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार मजा यायची.

मुरगूडची एक बाई अशीच आली होती, थोरल्या मुलीच्या पत्रिकेसाठी, दिरासोबत. दीर बोलत होता आणि ती मागे स्टुलावर बसून पडदा बघत होती. चौकट लाल झाली तशी तिने हळूच विचारलं, 'ते तांबडं का झालं वो?'

'तुमचं नाव मागतंय.'

'माझं?' ती म्हणाली, आणि पदर तोंडावर धरून हसली. दिराने मान हलवली, पण नाव सांगितलं. पत्रिका न्यायला आली तेव्हा तिने वरचीच एक घेतली, आपल्या नावावर बोट ठेवलं आणि दुमडू न देता पिशवीत ठेवली. जाताना माझ्या टेबलावर दोन पेरू ठेवून गेली.

त्या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. आणि आता, ती निळी पट्टी दिसली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, तोच दीर पुतण्याच्या, म्हणजे त्या बाईच्या मुलाच्या, पत्रिकेचा मजकूर घेऊन माझ्यासमोर बसला. मी चौकटी भरत गेले. वडिलांच्या आधी 'कै.' लावलं. आईची चौकट लाल तर झाली नाहीच, उलट ती पडद्यावरून निघूनच गेली आणि निमंत्रकांत आपसूक 'काका' असं आलं. दीर पुढे वाकला. त्याला सगळं आठवत होतं.

'आता मागत न्हाय की वो,' तो म्हणाला. 'बदाललं जणू. कॉम्प्युटरच न्हाय म्हणालंय तर ऱ्हाऊ दे.'

माझेच शब्द, माझ्याच टेबलावर. मी त्याला सांगितलं की सॉफ्टवेअर बिघडलंय, असं कच्चं काम देणार नाही, शुक्रवारी या. तो म्हणाला, 'शुक्रवारी वैनीलाबी घिऊन येतो, तिला कापडं घ्याची हाईत.'

मालक पुढ्यातल्या हिशोबाच्या वहीची पानं उलटत होते. मंगळवारी मी त्यांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, 'इंटरनेटवरनं आपोआप झालंय बाई. मी काय केलं न्हाय.' मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ज्या माणसाला मीच माऊस धरायला शिकवलं, तो काय करणार?

शुक्रवारपर्यंत मी बाकी कामं बाजूला सारून तेच करत बसले. नमुन्याच्या पत्रिकांचा जाडजूड अल्बम उघडला आणि एकेका पत्रिकेवरून जुनी मांडणी परत बसवायला घेतली. गंमत अशी की बोटांना सगळ्या जोड्या पाठ होत्या, पण त्यांतून काय यायचं ते डोक्याला आठवत नव्हतं. बोटं दाबायची आणि मी अल्बममध्ये शोधायची. अंतरं, अक्षरांचे आकार, कडेची नक्षी, थोडंथोडं जमत होतं. लाल चौकटीचं सेटिंग मात्र नव्या आवृत्तीत सापडेना. जिथे ते असायचं तिथे आता 'सुलभ मांडणी' नावाचं काहीतरी होतं आणि त्याच्या पोटात शिरायला वाटच नव्हती.

गुरुवारी दुपारी मी कंपनीला फोन लावला. तीनदा गाणं ऐकवून झाल्यावर चौथ्यांदा एक शांत आवाजाचे गृहस्थ आले. मी त्यांच्यावर जे तोंडसुख घेतलं ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'मॅडम, सेटिंग गेलेली नसतात. जुन्या आवृत्तीची फाइल एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवलेली असते. मी सांगतो तसं करा.'

त्यांनी सांगितलं, मी केलं. लपवलेली फोल्डरं दाखव म्हणून कॉम्प्युटरला सांगितलं, तशी पडद्यावर फिकट रंगाची फोल्डरं उगवली. त्यांतल्या एकात माझी फाइल होती. शेवटचा बदल शनिवार संध्याकाळ. शनिवारी मी उचगावच्या एका पत्रिकेत मामाची ओळ खाली घेतली होती, ती वेळसुद्धा बरोबर होती. ती फाइल उचलून नव्या जागी ठेवली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, दोन अक्षरं दाबली, आणि अंबाबाई माथ्यावर येऊन बसली. मी 'कै.' लावून पाहिलं. आईची चौकट लाल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कॉम्प्युटरसमोर असं रडण्याची मला लाजही वाटली.

'झालं ना?' फोनवरचे गृहस्थ म्हणाले. 'पुढच्या वेळी फक्त एवढं करा, अपडेट झाल्यावर एक प्रश्न येतो, तुमची जुनी सेटिंग ठेवायची का. तिथे हो म्हणा. या वेळी तुम्ही नाही म्हटलंय.'

'मी नाही म्हटलं?'

'कुणीतरी म्हटलंय. इथे नोंद आहे. सोमवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी. एकदा नाही म्हटलं की पुन्हा खात्री करून घेतो आम्ही. दोनदा म्हटलंय.'

सोमवार आमचा सुट्टीचा दिवस. प्रेसची किल्ली दोघांकडेच होती, एक माझ्याकडे आणि एक मालकांकडे. मागच्या खोलीतला माणूस सोमवारी गावाकडे असायचा. मी फोन ठेवला आणि मालकांकडे बघितलं. ते चष्मा पुसत होते. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते चुकून झालं म्हणाले असते आणि मला ते मानावं लागलं असतं. एकदा चुकून होतं, दोनदा होत नाही. ज्यांच्या घरचं हळदीकुंकू मी चुकवलं नाही, ज्यांच्या आजारपणात मी प्रेस एकटीने चालवली, त्या माणसाने केसाने गळा कापला होता, तेही मी घरी असताना.

शुक्रवारी दीर आणि ती मुरगूडची बाई दोघं आली. ती आता थोडी वाळली होती. दोन वर्षांपूर्वीच्याच स्टुलावर बसली आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. मालक उठून म्हणाले, 'या पावणं, बसा.' मी चौकटी भरायला घेतल्या. वर, मग वडील, 'कै.' लावलं. चौकट लाल झाली.

'आईचं नाव सांगा,' मी दिराला म्हणाले. 'त्याशिवाय...'

'परवा तर मागत नव्हतं की.'

'परवा बिघडलं होतं. आता दुरुस्त झालंय.'

दिराने मालकांकडे बघितलं. मी मालकांकडे बघितलं नाही, पण खुर्ची सरकल्याचं ऐकलं. ते माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले आणि अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाले, 'तसं काय न्हाय पावणं. काढता येतंय की. बाईंनी सेटिंग केलंय ते, कंपनीचं न्हवं. तुमच्या मनावर हाय.'

दीर माझ्याकडे वळला. 'म्हंजे थोरलीच्या टायमालाबी तुम्हीच घातलंतासा व्हय?'

'हो,' मी म्हणाले. 'मीच.'

तो चिडेल असं मला वाटलं होतं, मी तयारही होते. पण तो नुसता हसला, कानामागे खाजवलं आणि भावजयीला म्हणाला, 'बघा वैनी, काय बाई हाय.' थोड्या वेळाने परत म्हणाला, 'ऱ्हाऊ दे मग. आलंय तर ऱ्हाऊ दे नाव.'

मी सुटकेचा श्वास टाकला आणि मागे वळले. बाई हसत नव्हती. तिने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

'मला वाटलंतं, तसा नियमच निघालाय,' ती म्हणाली. 'गावात सगळ्यास्नी सांगत हुतो मी, कोल्हापुरात आता आईचं नाव पैलं घ्याय लागतंय, त्याबिगर कॉम्प्युटर पुढं जात न्हाय म्हणून. माझ्या भनीनं तिच्या पोराच्या वक्ताला सासरच्यास्नी असंच सांगून नाव घालून घेतलं. भांडली त्यास्नी. नियम हाय म्हणाली. आता तिला काय सांगू मी?'

मी म्हणाले, 'तुमचं नाव तिथं असायलाच पाहिजे, म्हणून...'

'तुम्हाला वाटलं म्हणून घातलासा,' ती म्हणाली. 'मला इच्यारलं न्हाय. ह्यास्नी इच्यारलं न्हाय. काढा ते.'

'वैनी, ऱ्हाऊ दे म्हणालोय की,' दीर म्हणाला.

'न्हाय. काढा.'

मालकांनी दोनदा केलं तेच मीही केलं. आईची चौकट सक्तीची ठेवायची का, या प्रश्नाला नाही म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. निमंत्रकांत काका-काकूंची नावं घातली, कच्ची प्रत काढून दिराच्या हातात दिली. बाई उठली, पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेली. कापड घ्यायचं होतं त्यांना, महाद्वार रोडकडे.

त्यानंतर तासाभराने मी मालकांपुढे जाऊन उभी राहिले. माझा आवाज चढला होता, मागच्या खोलीतलं यंत्रसुद्धा थांबलं. मी म्हणाले, तुम्हाला नको होतं तर तोंडाने सांगायचं. सोमवारी चोरासारखं येऊन बटण दाबायचं नाही आणि वर आपोआप झालं म्हणायचं नाही.

त्यांनी हिशोबाची वही मिटली. 'किती घरं मला येऊन बोलून गेली, तुम्हाला ठाव न्हाय,' ते म्हणाले. 'तुम्हाला सांगायचं धाडस हुईना. म्हणून कॉम्प्युटरचं नाव सांगितलं. तुम्ही अकरा वर्षं सांगितलासा बाई, मी एकदाच सांगितलं.'

या माणसाला मी त्यानंतर कधी माफ केलं नाही, आणि हे वाक्य त्याने बोलायला नको होतं असंही मला अजून वाटतं. पुढे तीन वर्षं मी तिथेच काम केलं. चहा एकत्र घेतला नाही. मागवलेला चहा माझ्या टेबलावर यायचा आणि मी तो मागच्या खोलीत पाठवून द्यायची.

लाल चौकट मी पुन्हा बसवली नाही. फाइल होती, बसवायला दोन मिनिटं लागली असती. आता 'कै.' आलं की मी बोटं उचलून विचारायची, निमंत्रकांत आईचं नाव पहिलं घ्यायचं का? आई समोर असली तर तिलाच विचारायची. काका म्हणायचे, कशाला, शुभकार्य आहे. आया खाली बघायच्या आणि म्हणायच्या, नको. क्वचित एखादं घर हो म्हणायचं. अकरा वर्षांत कितीतरी पत्रिकांवर आली होती ती नावं, ती त्या तीन वर्षांत माझ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली, आणि विचारल्यावर असंच होणार हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.